कोष्टकातील घर आणि मजकुराची मर्यादा

वाराणसीत पंचगंगा घाटाजवळ मंगला गौरीचे देऊळ आहे. तेथून ब्रह्माघाट व दुर्गाघाटापर्यंतच्या गल्ल्यांतून महाराष्ट्रीय घराणी पिढ्यानुपिढ्या नांदत आली. १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' रचणारे काशीचे कमलाकरभट्ट हेही मूळच्या पैठणच्या घराण्यातलेच. अशा विद्वान घराण्यांत पोथ्यांचा संग्रह असे. आणि अशा संग्रहाची सूची आज बहुधा संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे आडव्या-उभ्या घरांच्या कोष्टकात केली जाते.

समजा, मंगळागौरीच्या व्रतकथेची एक पोथी नोंदावयाची आहे. नोंदीत सर्वांत मोलाची असते ती पुष्पिका, म्हणजे ग्रंथाच्या शेवटी लेखकाने दिलेला काळ, स्थळ व स्वतःचे नाव. पहिल्या घरात आरंभीची वाक्ये व त्यापुढे पुष्पिका लिहिली, तर उजवीकडील घर रिकामे असेतो मजकूर त्यावरून पुढे पसरतो. परंतु त्या घरात पानांचा आकडा भरताच मजकूर सीमेवर तुटलेला दिसतो, आणि दिसेनासे होते ते नेमके शेवटचे, मोलाचे अंग. मजकूर नष्ट मात्र होत नाही. घर निवडले की तो वरच्या पट्टीत वाचता येतो. आकड्याची तऱ्हा निराळी: तो शेजारच्या घरात कधीच पसरत नाही, जागा अपुरी पडली की त्याऐवजी चौकटीसारख्या खुणांची रांग उमटते.

यावर उपाय म्हणजे घरातच मजकुराच्या ओळी पाडणे. संगणक शक्यतो दोन शब्दांमधील मोकळ्या जागी ओळ तोडतो. 'मंगलागौरीव्रतोद्यापनविधि' यासारखा लांबलचक समास रकान्यात मावला नाही, तर तो मध्येच तोडावा लागतो. पोथी लिहिणाऱ्यास ही अडचण नव्हतीच. तो शब्द सलग लिही आणि पानाची कड आली की कोणत्याही अक्षरापाशी खालच्या ओळीवर जाई.

ओळी पाडण्यासही सीमा आहे. 'एक्सेल' या प्रचलित स्प्रेडशीटमध्ये एका घरात ३२,७६७ चिन्हे राहू शकतात. मात्र ओळीची उंची ४०९ पॉइंटांहून अधिक वाढत नाही. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. तेव्हा ही उंची सुमारे साडेचौदा सेंटिमीटर भरते. १५ पॉइंटांची एक ओळ धरल्यास जेमतेम २७ ओळी होतात, आणि मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे यांमुळे देवनागरीस पुष्कळदा याहून उंच ओळ लागते. रकाना अरुंद असल्यास उरलेला मजकूर पडद्यावर दिसत नाही व कागदावरही छापला जात नाही. २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत तर घरात पहिली १,०२४ चिन्हेच दिसत.

चिन्हांची मोजणीही ध्यानात घेण्याजोगी आहे. 'मंगला गौरी' यात वाचकास पाच अक्षरे दिसतात. संगणक अनुस्वार, काना, मात्रा व मधली मोकळी जागा वेगळी धरून दहा मोजतो.

आणखी एक फसगत अशी, की अनेक घरे जोडून एक केल्यास ओळीची उंची आपोआप वाढत नाही. ती हाताने वाढवावी लागते. म्हणून पुष्पिकेस स्वतंत्र, रुंद रकाना द्यावा, घरे जोडू नयेत, आणि छापील सूचीतील प्रत्येक नोंदीचा शेवटचा शब्द पोथीशी ताडून पाहावा.