विद्यापीठाच्या नावात किती नावं?

'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ' या पाच शब्दांवरून आमच्या लॅबमध्ये दोन विद्यार्थ्यांची चांगलीच जुंपली. बातम्यांमधली नावं संगणकाला ओळखता यावीत म्हणून आम्ही वाक्यावाक्यावर खुणा करत होतो: ही व्यक्ती, हे ठिकाण, ही संस्था. एकीने 'तुकडोजी महाराज' व्यक्तीत टाकलं आणि 'नागपूर' ठिकाणात. दुसरा म्हणाला, विद्यापीठ १९२३ चं, महाराजांचं नाव त्याला २००५ मध्ये मिळालं. आता हे सगळं मिळून एकाच संस्थेचं नाव. त्याचं बरोबर होतं. पण मग बातमीत नुसतं 'विद्यापीठाने कळवलं' असं आलं तर? त्यासाठी नियम लिहावा लागला, आणि तो आधीच्या सगळ्या वाक्यांना लावून पाहावा लागला.

मी नागपुरात संगणकशास्त्र शिकवते. विभागात नवीन काय शोधलं, असं लोक विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे रोबो नाहीतर एखादं ॲप असतं. आमच्याकडचं पुष्कळसं मोलाचं काम मात्र असं बैठं असतं. भाषेची आजची यंत्रणा उदाहरणांवरून शिकते. खूण चुकली की ती चूकही इमानेइतबारे शिकते.

खुणा कितपत भरवशाच्या, हे मोजायला जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये 'कप्पा' हे माप दिलं. समजा, दोघांनी एकमेकांचं न पाहता शंभर वाक्यं तपासली आणि ८० ठिकाणी एकमत झालं. निव्वळ योगायोगानेही ५० ठिकाणी जुळलं असतं, तर ते ५० आधी वजा करायचे. उरलेल्या ५० पैकी ३० जुळले, म्हणून कप्पा ०.६. ऐंशी टक्क्यांचा आनंद तिथेच ओसरतो. मला हे माप फार प्रिय आहे, कारण ते विद्यार्थ्याला स्वतःच्या कामाकडे परक्या नजरेने पाहायला लावतं.

पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये सुमारे २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा 'महाकॉर्पस' आणि त्यावर शिकवलेलं 'महाबर्ट' हे भाषेचं मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं. २५ हजार वाक्यांवर हाताने खुणा केलेला 'महानेर' हा संचही त्यांचाच. त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे, याचं मला विशेष कौतुक वाटतं.

पण बातम्यांची मराठी ती छापील मराठी. आमच्या कॉरिडॉरमध्ये 'मी येऊन राहिलो', 'मले सांग', 'काहून?' हेच ऐकू येतं. काटोलच्या आजीबाईंनी फोनशी बोलावं आणि त्याला ते कळावं, असं वाटत असेल तर ही भाषा गोळा करून तिच्यावर खुणा कराव्या लागतील. ते काम विदर्भातल्या विभागांनी करायचं नाही तर कुणी?

अडचण अशा कामाच्या मोजदादीची आहे. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध देण्याआधी नियतकालिकात एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. त्या सक्तीवर पैसे घेऊन झटपट छापणारी नियतकालिकं पोसली गेली. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली, हे उत्तम झालं. तरी पदोन्नतीच्या तक्त्यात अजून मुख्य भर शोधनिबंधांवरच असतो. वर्षभर खपून उभ्या केलेल्या संचाला त्यात वेगळा रकाना नाही. जगात मात्र भाषिक साधनांसाठी १९९८ पासून एलआरईसी ही स्वतंत्र परिषद भरते.

माझ्या विद्यार्थ्यांना मी प्रबंधात मतभेदांचं परिशिष्ट जोडायला सांगते: वाक्य, दोघांच्या खुणा, अखेरचा निर्णय आणि त्याचं कारण. व्हायव्हाला परीक्षक हमखास अचूकतेची टक्केवारी विचारतात. त्यांनी आधी हे परिशिष्ट उघडावं. उद्या अमरावतीत किंवा गडचिरोलीत कुणी याच कामाला हात घातला, तर आमची टक्केवारी त्याच्या काय कामाची? आम्ही कुठल्या वाक्यापाशी अडलो आणि तिथून वाट कशी काढली, तेच त्याला हवं असेल.