डोकं तापलंय लॅपटॉपचं!

फोटो एडिट करताना लॅपटॉप तापतो, पंखा घरघरतो आणि काम रखडतं? नव्या लॅपटॉपचा हट्ट धरण्याआधी एवढं करून बघा.

फेस्टचे चारशे रॉ फोटो लाइटरूममध्ये टाकलेत आणि सकाळपर्यंत कमिटीला द्यायचेत. पहिले वीस-पंचवीस झटपट होतात. मग पंखा घरघरायला लागतो, कीबोर्डवर बोटांना चटके बसतात आणि स्लायडर सरकवला तरी फोटो ढिम्म! 'लॅपटॉप जुना झाला' असं म्हणून आपण घरी नव्याचा विषय काढतो. जरा थांबा. साठ-सत्तर हजारांचा प्रश्न आहे. लॅपटॉप म्हातारा झालाय की नुसता तापलाय, हे आधी तपासा.

हळू का होतो?

बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची तापमानाची मर्यादा 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोहोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. पंखा बिचारा ती उष्णता बाहेर फेकत असतो, त्यामुळे त्याच्यावर चिडू नका. एम-सीरिजच्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नसतो. तो गुपचूप हळू होतो, इतकंच.

टेस्ट घ्या

लॅपटॉप थंड असताना वीस फोटो एक्सपोर्ट करा आणि वेळ मोजा. अर्धा तास एडिटिंग केल्यावर तेच फोटो त्याच सेटिंगवर पुन्हा एक्सपोर्ट करा. दुसऱ्यांदा बराच जास्त वेळ लागला, तर बहुतेक उष्णताच दोषी. दोन्ही वेळा सारखाच रखडला, तर टास्क मॅनेजर उघडा. मेमरी काठोकाठ भरलेली दिसली, तर क्रोमचे टॅब बंद करा. रोजच तसं होत असेल, तर रॅम वाढवता येते का ते विचारा. नव्या लॅपटॉपपेक्षा ते खूप स्वस्तात होतं.

फुकटातले उपाय

• गादी आणि उशी बंद! बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा आत ओढतात. टेबलावर ठेवा आणि मागच्या कडेखाली दोन पुस्तकं सरकवा. जाळी मात्र मोकळी राहू द्या.

• लाइटरूम क्लासिकमध्ये स्मार्ट प्रीव्ह्यू बनवा आणि परफॉर्मन्स सेटिंगमध्ये मूळ फोटोंऐवजी तेच वापरण्याचा पर्याय निवडा. हे प्रीव्ह्यू लांब बाजूने 2560 पिक्सेलचे असतात, त्यामुळे प्रोसेसरवरचा भार कमी होतो. शार्पनिंग आणि नॉइज मात्र मूळ फोटोवरच तपासा.

• एआय डीनॉइज सरसकट चारशे फोटोंना लावू नका. त्याचा सगळा भार ग्राफिक्स चिपवर येतो. आधी निवड करा आणि खरंच गरज आहे त्यांनाच लावा.

• फोटो निवडताना 'क्वाएट' मोड पुरतो. एक्सपोर्टला 'परफॉर्मन्स' लावा आणि खुशाल चहा प्यायला जा. पंखा ओरडू दे!

• विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' 100 वरून 99 टक्के केलं, की बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बो बूस्ट बंद होतो. वेग थोडा घटतो, पण तापमान आणि आवाज चांगलाच उतरतो. रूममेट झोपलेला असताना बेस्ट!

• नागपूर-अकोल्याकडचा मे महिना असेल, तर मोठं एक्सपोर्ट पहाटे लावा. खोलीच 40 अंशांवर असेल, तर पंखा आत ओढणार ती हवाही तेवढीच गरम.

थोडा खर्च

दोन-तीन वर्षांत पंख्यात धूळ साचते आणि थर्मल पेस्ट वाळते. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडून साफसफाई करून पेस्ट बदलून घ्या. वॉरंटी चालू असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

एवढं करून वीस फोटोंची टेस्ट पुन्हा घ्या. वेळ कमी झाला, तर वाचलेल्या पैशांत एखादी चांगली लेन्स बसते. नाहीच झाला, तर घरी विषय काढताना तुमच्या हातात निदान आकडे तरी असतील!