भाग ३४ : पंखा मोडला, आता कुठला लावू? (आरसी बोटीचा प्रोपेलर निवडताना)

हेडफोन नाही, गर्दीत आहात, किंवा माझा आवाज दीडच्या स्पीडवर ऐकून कंटाळलात, अशा सगळ्यांसाठी हा भाग लिहून दिलाय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलं आणि आकडे पुन्हा तपासले.

गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त आलेला मेसेज एकच : "दादा, बोटीच्या पंख्याचं एक पातं तुटलं, आता कुठला घेऊ? जरा मोठा घेतला तर स्पीड वाढेल ना?" वाढेल की नाही हे सांगण्याआधी मी स्वतः काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही.

माझी बोट साधीच आहे. ६५ सेंटिमीटर लांब, खाली व्ही आकाराचा तळ, २००० केव्हीची ब्रशलेस मोटर, ६० अँपिअरचा ईएससी आणि थ्री-एस लिपो, ५००० एमएएचची. मूळचा पंखा ३६ मिलिमीटरचा, प्लास्टिकचा, दोन पात्यांचा. तो दगडावर आपटून मोडला. मी उत्साहात ४२ मिलिमीटरचा, तीन पात्यांचा, चकचकीत धातूचा पंखा मागवला. सहाच मिलिमीटरचा तर फरक आहे, म्हटलं.

चाचणीला गेलो सिन्नरकडे मामाच्या शेततळ्यावर. पहिली वीस-तीस सेकंद बोट अशी सुटली की मामेभाऊ नाचायला लागला. मग तळ्याच्या बरोबर मध्यावर ती थांबली आणि झाकणाच्या फटीतून धूर. ईएससी गेला. आणि माझं लक्ष धुराकडे असताना हा चौदा वर्षांचा पोरगा चप्पल काढून काठावर उभा. "दादा, मी आणतो पोहत."

मामा लांबून असा ओरडला की माझ्याच हातातला रिमोट पडला. "मागं सर! कागदावर पाय टाकायचा नाय! आत गेलेला माणूस बाहेर येत नाय."

ज्यांनी शेततळं जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी : आत प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो, साधारण ५०० मायक्रॉनचा, उतारावर. ओला झाला आणि त्यावर शेवाळ धरलं की साबण लावलेल्या फरशीसारखा होतो. चांगलं पोहता येणारा माणूससुद्धा काठाला येतो, पण वर चढू शकत नाही. हात ठेवायला काही नसतंच. म्हणून बोट अडकली तर अडकू द्या. आम्ही ठिबकची १६ मिलिमीटरची रिकामी नळी घेतली, दोन्ही टोकांना बूच मारलं. ती पाण्यावर तरंगते. एक टोक मामाकडे, दुसरं माझ्याकडे, दोघं समोरासमोरच्या बांधावरून चालत गेलो आणि बोट हळूहळू ढकलत काठाला आणली. बुडाला दोरी बांधलेली बादली टाकून ती उचलली. पंधरा मिनिटं लागली. आता ही नळी कायम गाडीत असते.

आता मुद्द्यावर येऊ. सहा मिलिमीटरने एवढं का झालं?

पाण्यात फिरणाऱ्या पंख्याला लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. घाबरू नका, कॅल्क्युलेटर काढा. ४२ भागिले ३६ म्हणजे १.१७ च्या आसपास. ही संख्या स्वतःशी पाच वेळा गुणली की २.१६ येते. म्हणजे पिच व्यासाच्या तेवढ्याच पटीत ठेवून, त्याच फेऱ्यांवर फिरवायचा म्हटला तर दुपटीहून जास्त ताकद हवी. वर मी तिसरं पातं घेतलं होतं, ते वेगळंच. मोटर बिचारी तेवढी ताकद देऊ शकत नाही, ती मंदावते. मंदावली की जास्त करंट ओढते आणि तो करंट ईएससीमधून जातो. ६० चा ईएससी, पुढचं तुम्ही पाहिलंच.

हेच गणित ३८ मिलिमीटरचं करा. १.३१ येतं, म्हणजे तीस टक्के जास्त. हे झेपण्यासारखं असू शकतं. त्यामुळे माझा नियम साधा : व्यास एका वेळी दोन मिलिमीटरहून जास्त वाढवायचा नाही, आणि वाढवण्याआधी मूळ मापाचाच पंखा लावून सध्याचा करंट किती आहे ते बघायचं. फेऱ्यांचा हिशोब याहून सौम्य, तिथे तिसरा घात लागतो. तरीही टू-एसवरून थ्री-एस लिपोवर गेलात तर फेरे दीडपट, ताकद साधारण ३.४ पट. लिपो मोठी केली तर पंखा लहान करावा लागतो तो यामुळेच. लोक नेमके दोन्ही एकदम मोठे करतात. (मी त्यातलाच.)

दुसरं माप पिचचं. पंखा एका फेऱ्यात, पाणी घसरलं नाही असं धरून, जितका पुढे जाईल ते अंतर म्हणजे पिच. लाकडात स्क्रू फिरवल्यावर तो जेवढा आत जातो, तसंच. आरसीमध्ये हे बहुतेक वेळा व्यासाच्या पटीत लिहितात. ऑक्ट्युराच्या पंख्यावर 'एक्स ४४२' लिहिलं असेल तर शेवटचं ४२ म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये आणि आधीचा ४ म्हणजे पिच व्यासाच्या १.४ पट. 'एक्स ६४२' म्हणजे व्यास तोच, पिच १.६ पट. नंबर वाचता आला की फसवणूक निम्मी कमी होते.

माझ्या ३६ च्या पंख्याचा पिच १.४ पट धरला तर एका फेऱ्यात साधारण ५ सेंटिमीटर. मोटर २००० केव्ही, लिपो ११.१ व्होल्ट, गुणाकार २२,२०० फेरे मिनिटाला. दोन्ही गुणा, मिनिटाला ११०० मीटरच्या वर, म्हणजे ताशी ६६ किलोमीटर. हा झाला कागदावरचा वेग. प्रत्यक्षात लोडखाली फेरे पडतात, पाणी घसरतं, आणि माझ्या बोटीवर जीपीएस ठेवून मिळाले ४२. जाहिरातीत कुठला आकडा छापतात ते तुम्ही ओळखलंच असेल.

मग व्यास वाढवायचा की पिच? पळणाऱ्या हलक्या बोटीला मी आधी पिच किंचित वाढवून बघेन, कारण लोड त्यानेही वाढतो पण व्यासाइतका एकदम नाही. जड, हळू चालणाऱ्या बोटीचं उलट. टगबोटीचं मॉडेल असेल तर मोठा व्यास, कमी पिच, कमी फेरे. तिथे पंखा कायम पूर्ण पाण्याखाली असतो, पाती गोलसर असतात आणि बऱ्याचदा तो एम-४ च्या आट्यांवर स्क्रूसारखा बसतो. वेगवान बोटीत वेगात असताना अर्धा पंखा पाण्याबाहेर असतो, त्याची पाती धारदार आणि मागची कड किंचित वळवलेली असते. एकीचा पंखा दुसरीला चालत नाही, दिसायला कितीही सारखा असो.

आता खरेदीच्या वेळी अडणाऱ्या गोष्टी. एक पातं तुटलं असेल तर व्यास कसा मोजायचा? भोकाच्या मध्यापासून चांगल्या पात्याच्या टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. मग शाफ्ट मोजा, कॅलिपरनेच, अंदाजाने नाही. ४ मिलिमीटरचे शाफ्ट असतात आणि ३/१६ इंचाचेही, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. मोठ्या भोकाचा पंखा बारीक शाफ्टवर बसतो, नटही आवळता येतो, पण तो लटपटतो आणि बेअरिंग खातो.

मग दिशा. पंखे दोन हातांचे असतात, डावे आणि उजवे. जुना आणि नवा टेबलावर एकाच बाजूने शेजारी ठेवा, पात्यांचा कल सारखा दिसला पाहिजे. चुकून उलटा आला तर युट्यूबवर सांगतात, "मोटरच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करा, झालं." बोट पुढे जाईल हे खरं. पण तुमच्या बोटीत तारेच्या पिळाचा लवचिक शाफ्ट असेल तर तो एकाच दिशेसाठी पिळलेला असतो. उलटा फिरवला की पीळ सुटतो. पंखा परत करा, वायरींना हात लावू नका.

याच शाफ्टची अजून एक खोड : लोड आला की तो पिळून आखडतो. म्हणून पंख्याला ढकलणारा ड्राइव्ह डॉग आणि मागचा स्ट्रट यांच्यात फट ठेवायची, चार-पाच मिलिमीटर. नवा पंखा बसवताना लोक सगळं घट्ट चिकटवतात, मग पूर्ण थ्रॉटलला ते एकमेकांवर घासतं, गरम होतं, आणि दोष पंख्याला जातो.

धातू की प्लास्टिक? प्लास्टिक वेगात वाकतं, त्यामुळे पिच जागेवर राहत नाही. पण दगडाला लागलं तर पातं तुटतं आणि शाफ्ट वाचतो, म्हणून नवशिक्यांना मी प्लास्टिकच सांगतो. ॲल्युमिनियम स्वस्त आणि हलकं, पण मऊ. सोनेरी दिसणारे बेरिलियम-तांब्याचे पंखे सगळ्यात कडक असतात, आणि इथे जरा थांबा. ते बऱ्याचदा कच्चे येतात, धार लावावी लागते, बॅलन्स करावं लागतं. बेरिलियमची धूळ फुफ्फुसात गेली तर कायमचा आजार होऊ शकतो. घरात, पंख्याखाली, कोरड्या पॉलिश पेपरने हे घासायचं नाही. मी तर धार लावलेला, बॅलन्स केलेलाच घेतो, पैसे जास्त गेले तरी.

प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचं बॅलन्सिंग घरी करता येतं. पंखा आडव्या गुळगुळीत काडीवर मोकळा ठेवा, जड पातं खाली जातं. त्या पात्याची बोटीकडची फुगीर बाजू थोडी थोडी घासा. पाणी मागे ढकलणाऱ्या बाजूला हात लावू नका.

सगळ्यात शेवटी चाचणी. माझ्याकडे महागडं मीटर नव्हतं, तेव्हा ही युक्ती सापडली आणि अजून तीच वापरतो. लिपो पूर्ण चार्ज करा. बोट पूर्ण थ्रॉटलला मोबाइलवर टायमर लावून फक्त दोन मिनिटं चालवा. परत चार्जरला लावा आणि चार्जरने किती एमएएच भरले ते बघा. दोन मिनिटांत १५०० भरले, म्हणजे १.५ अँपिअर-तास. दोन मिनिटं म्हणजे तासाचा तिसावा भाग, तेव्हा ३० ने गुणा : सरासरी ४५ अँपिअर. माझा ३६ चा पंखा साधारण ३६ अँपिअर घेत होता, नवा ३८ चा ४५ घेतो. ६० च्या ईएससीला हे चालतं, कारण सुरुवातीच्या धक्क्याला आणि वळणावर करंट सरासरीच्या वर उडी मारतो, तेवढी जागा हवीच. सरासरी ५५ आली असती तर मी ३६ वर परत गेलो असतो. बोट बाहेर काढल्याबरोबर मोटर, ईएससी आणि लिपोला हात लावून बघा. पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर पंखा मोठा आहे, किंवा थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीत शेवाळ अडकलंय. आधी नळी फुंकून बघा.

तो ४२ चा चकचकीत पंखा मामेभावाच्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. त्याला विचारलं तर सांगतो, दादाने दिला. किंमत विचारलीत तर मात्र पंख्यात ईएससीचे पैसेही मिळवून सांगतो.