ल्हासाची आगगाडी

दूरच्या प्रवासाला निघताना आपण सामान्यतः तीन गोष्टींचा विचार करतो : गाडी केव्हा सुटते, भाडे किती पडते आणि बरोबर काय घ्यावयाचे. सपाट प्रदेशातील प्रवासाला एवढा विचार पुरतो. परंतु काही लोहमार्ग असे आहेत, की तेथे आणखी एका गोष्टीचा विचार अगोदर करावा लागतो. ती म्हणजे उंची. चीनमधील शीनिंग या शहरापासून तिबेटमधील ल्हासापर्यंत जाणारा लोहमार्ग हा त्यांपैकी सर्वांत उंच होय.

या मार्गाचा शीनिंग ते गोलमुड हा पहिला टप्पा १९८४ मध्ये खुला झाला. गोलमुडपासून ल्हासापर्यंतचा ११४२ किलोमीटरांचा टप्पा मात्र १ जुलै २००६ रोजी सुरू झाला. एवढा विलंब होण्याचे एक मोठे कारण तेथील जमीन. सुमारे ५५० किलोमीटरपर्यंत तिच्या पोटातील माती बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थर विरघळून खचतो. हिवाळ्यात तोच गोठून फुगतो. अशा जमिनीवर रूळ जागच्या जागी राहावेत कसे? म्हणून कोठे पाणी नसतानाही लांबच लांब पूल बांधले, कोठे मोकळ्या दगडांचा भराव घातला, तर कोठे मार्गाच्या दोन्ही कडांना धातूच्या नळ्या रोवल्या. हिवाळ्यात या नळ्यांतील द्रव जमिनीतील उष्णता घेऊन वर जातो आणि ती बाहेरच्या थंड हवेत सोडून देतो. त्यामुळे खालची माती गोठलेलीच राहते. खिडकीतून या नळ्यांच्या रांगा दिसतात. पुष्कळ प्रवासी त्यांना कुंपणाचे खांब समजतात!

आता उंचीकडे वळू. शीनिंग समुद्रसपाटीपासून सुमारे २२७५ मीटर, गोलमुड सुमारे २८०० मीटर आणि ल्हासा सुमारे ३६५० मीटर उंचीवर आहे. परंतु गोलमुड व ल्हासा यांच्या मध्ये गाडीला तांगुला खिंड ओलांडावी लागते. तिची उंची ५०७२ मीटर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. तशी तीन शिखरे एकावर एक रचली, तरी ती या खिंडीला पुरी पडणार नाहीत. मार्गाचा सुमारे ९६० किलोमीटरांचा भाग ४००० मीटरांहून अधिक उंचीवर आहे.

इतक्या उंचीवर शरीराचे काय होते? गड चढताना आपल्याला दम लागतो, तो श्रमाचा असतो. घटकाभर बसले की तो जातो. येथे मात्र गादीवर निजलेल्या माणसालाही दम लागतो. उंचावरील हवेत प्राणवायूचा हिस्सा कमी असतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो सर्वत्र शेकडा २१ इतकाच असतो. हवाच विरळ झालेली असते. ५००० मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. त्यामुळे एका श्वासात प्राणवायूही त्याच मानाने मिळतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप न येणे ही त्याची पहिली लक्षणे. शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते, परंतु त्यासाठी त्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. ३००० मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची जागा एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक चढवू नये, असा पर्वतारोहकांचा जुना दंडक आहे.

आगगाडीला हा दंडक ठाऊक नाही. गोलमुड सोडल्यावर सात-आठ तासांत ती तांगुला खिंडीत पोहोचते. आगगाडीने गेले असता उंचीची सवय हळूहळू होते, असे प्रवासी एकमेकांना सांगतात. ते अर्धेच खरे आहे. विमानापेक्षा आगगाडी सौम्य, इतकेच. शिवाय पर्वतारोहकाला बरे वाटेनासे झाले, तर तो माघारी वळून खाली उतरू शकतो, आणि या व्याधीवर खाली उतरण्यासारखा दुसरा उपाय नाही. आगगाडीतील प्रवासी कोठे उतरणार? उंच भागातील बहुतेक स्थानके निर्मनुष्य आहेत, आणि तेथे उतरल्याने उंची कमी होत नाही. यास्तव पुढे जावे की नाही, हा निर्णय गोलमुड येण्यापूर्वीच झाला पाहिजे. गाडीतील हवेत प्राणवायू मिसळण्याची व्यवस्था आहे आणि प्रत्येकाजवळ नळी जोडण्याची सोयही आहे. परंतु विमानाप्रमाणे डब्यातील दाब वाढवलेला नसतो. फराळाची बंद पाकिटे वाटेत फुग्यासारखी टम्म फुगतात, त्यावरून हे कोणालाही पडताळता येईल.

म्हणून प्रवासाची आखणी शीनिंगपासून करावी. तेथे निदान दोन दिवस मुक्काम करून मगच गाडीत बसावे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असणाऱ्याने तिकीट काढण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा. साधा खोकला किंवा ज्वर असला, तरी जाणे पुढे ढकलावे. परदेशी प्रवाशाला तिबेटचे प्रवेशपत्र अगोदर मिळवावे लागते आणि गाडीत चढताना ते दाखवावे लागते.

शीनिंगहून ल्हासाला पोहोचण्यास वीस-बावीस तास लागतात, म्हणजे एक रात्र गाडीत जाणारच. ती कोणती असावी, हे आपण ठरवावे. गोलमुड पहाटे मागे पडेल अशी गाडी निवडली, तर पुढचा सारा उंच प्रदेश उजेडी दिसतो : यांगत्झे नदीचा उगमाकडील प्रवाह, तिबेटी हरणांचे कळप, रुळांलगत पसरलेले त्सोनाग सरोवर. संपूर्ण चीनमध्ये घड्याळ पीकिंगचे चालते. ल्हासा त्याच्या बरेच पश्चिमेला. त्यामुळे तेथे सूर्य घड्याळाच्या मानाने उशिरा उगवतो व उशिरा मावळतो. वेळापत्रक वाचताना याचा विसर पडू नये.

सामान थोडकेच असावे. वळकटीची गरज नाही. शयनयानात अंथरूण-पांघरूण मिळते आणि डब्याडब्यातून गरम पाण्याची सोय असते. त्या पाण्याबद्दल मात्र एक गंमत आहे. ५००० मीटरांवर पाणी सुमारे ८३ अंशांनाच उकळते. तेथे उघड्या भांड्यात डाळ शिजत ठेवली, तर कंटाळा येईल. लोकरीचे कपडे, काळा चष्मा, पचण्यास हलके अन्न आणि पिण्याचे भरपूर पाणी एवढे पुरे. धूम्रपान तर गोलमुडपुढे गाडीत निषिद्धच आहे.

ल्हासात उतरल्यावर तरुण मंडळी पोताला राजवाड्याकडे धाव घेण्यास उत्सुक असतात. तेथील पायऱ्यांची चढण मोठी आहे आणि हवेचा दाब आपल्याकडील दोन-तृतीयांशच. प्रवेशाची वेळ अगोदर ठरवून घ्यावी लागते. ती पहिल्या दिवसाची न घेता तिसऱ्या दिवसाची घ्यावी.