चाक वाजवून घ्यावं

उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलं की आपण तो बोटाच्या पेरांनी वाजवून बघतो. खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. ग्राइंडरचं चाकही असंच वाजवून घेतात, आणि कारणही तेच. दिसायला दगड असलं तरी ते भाजलेलं भांडंच आहे. अॅल्युमिनियम ऑक्साइडचे टोकदार कण मातीच्या जातीच्या बंधकात कालवायचे, साच्यात दाबायचे आणि सुमारे १२०० अंशांवर भट्टीत भाजायचे. बंधक वितळून काचेसारखा होतो आणि कणांना धरून ठेवतो.

गंमत अशी की हे चाक तुटण्यासाठीच घडवलेलं असतं. कण बोथट झाला की त्याच्यावरचा जोर वाढतो, तो फुटतो किंवा निखळतो आणि खालचा धारदार कण वर येतो. करवतीला कुणीतरी धार लावावी लागते. चाक आपली धार आपणच काढत जातं. त्याने कणाकणाने तुटावं, एकदम तुटू नये, एवढ्यासाठीच सगळी काळजी.

कारण २०० मिलिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला २८८० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ३० मीटर होतो, म्हणजे ताशी जवळजवळ १०८ किलोमीटर. फेरे दुप्पट केले की चाकाला फाडू पाहणारी ओढ चौपट होते. म्हणून मशीनचे फेरे चाकावर छापलेल्या मर्यादेच्या आत हवेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३० मध्ये तर प्रत्येक ग्राइंडिंग मशीनजवळ चाकाचा सुरक्षित वेग लिहिलेला फलक हवा, असं स्पष्ट म्हटलं होतं. पाहिलेल्या बऱ्याच शेडमध्ये मला तिथे कॅलेंडर दिसलं.

आयटीआयमध्ये आमचे निदेशक नवं चाक बोटावर लटकवून धरायचे आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टकटक करायचे. उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, कडेपासून इंच-दोन इंच आत. मग चाक थोडं फिरवून पुन्हा. चाक कोरडं हवं, कारण ओलं चाक नीट वाजत नाही. एकदा आमच्यातल्या एकाने पेटीतून काढताना चाक ओट्यावर आपटलं. वरून ओरखडासुद्धा नव्हता. सरांनी वाजवलं, तीन जागी खणखणलं, चौथ्या जागी बद्द. त्यांनी ते तिथेच हातोड्याने फोडलं, म्हणजे उद्या कुणी भंगारातून उचलून बसवायला नको. (रेझिनच्या बंधाची चाकं मात्र इतकी खणखणत नाहीत, त्यांचा आवाज मुळातच दबका.)

चाकाच्या दोन्ही अंगांना चिकटवलेला जाड कागद पुष्कळजण लेबल समजून सोलून टाकतात. चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या लोखंडी फ्लँजचा दाब सारखा पसरावा म्हणून तो असतो. चाक स्पिंडलवर सहज सरकलं पाहिजे, ठोकून बसवायचं नाही. नटही फ्लँज घट्ट धरेल इतकाच आवळायचा. डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, हे दरवर्षी कुणीतरी दमल्यावरच शिकतं.

पण बोटं जातात ती बहुधा फुटलेल्या चाकाने नव्हे, फटीने. चाक झिजत जातं, घासायची वस्तू टेकवायची टूल रेस्ट मात्र जागेवरच राहते. मधली फट ३ मिलिमीटरपेक्षा वाढली की बारीक जॉब त्यात खेचला जातो, मागोमाग हात. रेस्ट पुढे घ्यायची ती चाक पूर्ण थांबल्यावरच. हातमोजे इथे रक्षण करत नाहीत. चाक मोज्याचा धागा पकडतं आणि पंजा ओढतं. गॉगल मात्र हवाच.

अॅल्युमिनियमचा तुकडा या चाकावर घासायचा मोह अनेकांना होतो. मऊ धातू कणांमधल्या पोकळ्यांत भरतो आणि चाक चकचकीत दिसू लागतं. आता ते कापत नाही, नुसतं घासून तापतं. कारागीर मग आणखी जोर लावतो. खरं तर तिथे ड्रेसर फिरवून वरचा थर उतरवायला हवा.

नवं चाक बसवलं की गार्ड लावून, बाजूला उभं राहून, मिनिटभर मोकळं फिरवायचं. सर तेवढा वेळ घड्याळाकडे बघत नसत. मान किंचित कलती करून ऐकत असत, आणि मग पहिली छिन्नी स्वतः लावत.