चार पदरांची ऊब

हिवाळ्यात घर तापवायचे असते, ही कल्पना आपल्याकडे हीटरबरोबर आली. आपल्या आज्या-पणज्यांना खोलीची फिकीर नव्हती. अंथरुणात शिरलेल्या माणसाची ऊब त्याच्यापाशीच कशी राहील, एवढेच त्या पाहत. या एका गोष्टीत त्यांनी जे साधले त्याने मला इतके झपाटले आहे, की गेली कित्येक वर्षे कुणाच्याही घरी गेले तरी चहा व्हायच्या आत मी माळ्यावरच्या गोधड्यांची चौकशी करते. बायका आधी हसतात, मग ट्रंक उघडतात, आणि मग दोन तास कसे जातात ते कुणालाच कळत नाही.

थंडीचे कारण थोडक्यात सांगते. उत्तरेत बर्फ पडले की तिकडून कोरडे, गार वारे खाली येतात. आकाश निरभ्र असले की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडून देते, आणि पहाटे सूर्य उगवायच्या सुमाराला पारा सर्वांत खाली जातो. नाशिक जिल्ह्यातले निफाड यासाठी दरवर्षी बातमीत असते. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर २०१८च्या अखेरीस तापमान दोन अंशांच्याही खाली गेले होते. अशा रात्री द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सुरू करतात, कारण विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असते. मी तिथे एका बागेत पहाटे उभी होते. द्राक्षांसाठी रात्रभर जागणाऱ्या त्या घरात माणसांसाठी वेगळी शेगडी नव्हती. ओसरीवर म्हातारी मंडळी वाकळी गुरफटून झोपली होती, तीही गाढ.

त्यामागचा हिशेब सोपा आहे. झोपलेल्या माणसाच्या अंगातून सतत सत्तर-ऐंशी वॉट उष्णता बाहेर पडत असते. ती फुकट आहे आणि रात्रभर मिळते. हजार वॉटचा हीटर आठ तास चालवला तर आठ युनिट जळतात, महिन्याला दोनशे चाळीस. आणि ती उष्णता छताला, भिंतींना, दाराखालच्या फटीला वाटली जाते. अंगाची उष्णता मात्र अंगाशीच अडवता येते. अडवायचे काम करते ती न हलणारी हवा. कापूस, लोकर, कापड हे सगळे त्या हवेला धरून ठेवायचे साधन.

आता गोधडीकडे येते. एक नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते चौपदरी घातले की दोन मीटर लांबीचे चार पदर होतात, बरोबर माणसाच्या उंचीपेक्षा थोडे जास्त. रुंदीला दुसरे लुगडे जोडले की झाले पांघरूण. मोजमापाची पट्टी न घेता हे जमते, याचे मला अजून नवल वाटते. मधे जुनी धोतरे, मुलांची झबली, फाटक्या चादरी, जे असेल ते पसरतात. जमिनीवर सगळे अंथरून, कोपऱ्यांवर वजने ठेवून, बाई स्वतःच त्या कापडावर बसते आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकते. एकात एक चौकोन होत मधोमध शिवण संपते. चौकट लागत नाही, यंत्र लागत नाही. जाड सुई, दोरा आणि दुपारचा रिकामा वेळ एवढेच भांडवल.

या टाक्यांविषयी मला फार बोलायचे आहे. टाके विरळ पडले तर आतले कापड सरकते, एकीकडे गोळा होते आणि दुसरीकडे दोनच पदर उरतात. तिथून गारवा शिरतो. फार घट्ट ओढले तर पदर एकमेकांना चिकटतात आणि मधली हवा निघून जाते. हाताच्या धावदोऱ्यात दोरा हलका ओढला जातो, दोन ओळींमधले कापड किंचित फुगते, बारीक सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्यांत ऊब असते, असे माझे ठाम मत आहे. मशीनवर शिवलेली गोधडी दिसायला नेटकी, पण सपाट. अकोले तालुक्यातल्या एका घरात मला दोन्ही प्रकार एकाच कपाटात मिळाले. घरच्या आजींनी शिवलेली हातात घेतली तर तळव्याला तिचा उठाव जाणवत होता. बाजारातून आणलेली जाड जाजमासारखी पडून होती. आजींना कारण विचारले. “दोरा वडायचा न्हाई, नुसता चालवायचा,” त्या म्हणाल्या. कापड जुने, शंभरदा धुतलेले असले तर मऊपणामुळे पांघरूण अंगाच्या वळणाने बसते, खांद्यापाशी पोकळी राहत नाही. नव्या कोऱ्या कापडाची गोधडी पहिल्या हिवाळ्यात म्हणूनच ताठ वाटते.

पदर चार असावेत, की सहा, की आठ, यावर घराघरांत वाद आहेत. पठारावरच्या गावांत भरपूर ठिगळे आणि वजनदार वाकळ आवडते. दोन माणसांनी उचलावी अशी एक मी जुन्नरकडे पाहिली. मला स्वतःला एका भारी वाकळीपेक्षा दोन हलक्या गोधड्या बऱ्या वाटतात. दोहोंच्या मधेही हवेचा एक थर मिळतो, आणि पहाटे गरम झाले तर एक बाजूला सारता येते. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तकच केले आहे; ज्यांना रंगसंगतीत रस आहे त्यांनी ते जरूर मिळवावे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायकाही कडेकडून मध्याकडे अशाच शिवत जातात, ते कळल्यावर मी कितीतरी दिवस त्याच विचारात होते. आणि गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांमुळे. ज्या पांघरुणाने गरिबाची थंडी भागते तेच अंगावर मिरवणारा संत आपल्याकडे होऊन गेला, याचा मला अभिमान आहे.

नुसत्या उबेचा विचार केला तर कापसाची रजई गोधडीपेक्षा सरस, हे मान्य करायला हवे. पण ती सरस राहते पिंजाऱ्यामुळे. वापरून वापरून कापूस दबतो, घामाचा ओलावा धरतो, त्याचे गोळे होतात. पिंजारी तो कमानीच्या तातीवर धरून मोकळा करतो तेव्हा खरे तर त्यात पुन्हा हवा भरत असतो. कापूस तोच, वजन तेच, आणि रजई दुप्पट फुगते. नवी घेण्याच्या किमतीच्या मानाने पिंजून घेणे किती स्वस्त पडते, याची चौकशी प्रत्येकाने आपल्या गावात करून पाहावी. आता हे काम बहुतेक यंत्रावर होते. कमानीचा तो टणत्कार गल्लीतून गेला याचे मला वाईट वाटते, पण पिंजणे टिकले आहे यात समाधान आहे.

घोंगडीला मी इथे थोडक्यात उरकते, कारण तिला वेगळा लेख लागेल. दख्खनी मेंढीची लोकर, सनगरांचा माग, चिंचोक्याची खळ. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पिते तरी ओली लागत नाही, आणि तो पिताना किंचित उष्णताही सोडते. दमट, गार जागेत म्हणून तिला तोड नाही. टोचते म्हणून लोक नाक मुरडतात. आत एक सुती चादर घ्यावी, प्रश्न मिटतो.

पांघरुणाइतकेच अंथरूण महत्त्वाचे आहे, आणि तिथे बहुतेक लोक चुकतात. अंगावर तीन पांघरुणे आणि खाली एक चटई, अशी माणसे कुडकुडणारच. अंगाच्या भाराने खालची गादी दबते, तिच्यातली हवा जाते, आणि खाली शहाबादी फरशी असते. स्थिर हवेच्या मानाने दगड पन्नासपटीहून अधिक वेगाने उष्णता ओढून नेतो. जुनी सारवलेली जमीन याबाबतीत दयाळू होती. फरशीवर झोपायचे असेल तर खाली गोणपाट, त्यावर वर्तमानपत्रांची जाड घडी, मग एक जुनी वाकळ आणि वर गादी. मावळात भाताचा पेंढा पसरून त्यावर अंथरूण घालतात. मी त्यावर झोपले आहे आणि रात्रीत एकदाही जाग आली नाही. बाजेवर झोपणाऱ्यांनी तर खाली जास्तच घालावे, कारण विणीतून वारा लागतो.

उरलेले उपाय भराभर सांगते. दाराखालच्या फटीला जुन्या कपड्याची सुरळी. दक्षिणेच्या खिडकीचे पडदे सकाळी उघडावेत. डिसेंबरात आपल्याकडे दुपारचा सूर्यसुद्धा दक्षिणेला कलून असतो, ऊन खोलीत दूरवर येते. ते सरले की पडदे लगेच ओढावेत. कानटोपी आणि मोजे झोपतानाही घालावेत. दीड लिटर पाणी तापवायला दहावा हिस्सा युनिटही फार. ते रबरी पिशवीत भरून, फडक्यात गुंडाळून पायापाशी ठेवले तर अर्धी रात्र निघते. पाणी उकळते नको, आणि मधुमेहामुळे पायांची जाणीव गेलेल्यांनी किंवा तान्ह्या बाळाजवळ ती ठेवू नये.

एक गोष्ट मात्र घाईने सांगून चालणार नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच बेशुद्ध पडतो. दर हिवाळ्यात अशी घरेच्या घरे जातात. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची रीत आपल्याकडे होती, काही घरांत अजून आहे. तिथे दार-खिडकी उघडी ठेवावी, शेक झाला की शेगडी बाहेर काढावी, आणि कुणी जुनेजाणते रागावले तरी ऐकू नये. काश्मिरातली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे मडके, फेरनच्या, म्हणजे ढगळ झग्याच्या, आत धरतात. तीही थेट अंगाला लागून वर्षानुवर्षे वापरल्याने कातडीचे आजार, कर्करोगसुद्धा होतो, हे डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले आहे. मला ती वस्तू म्हणून अतिशय सुंदर वाटते. तरीही पांघरुणात निखारा नको.

गोधड्यांची शिवण उन्हाळ्यात चालते, शेतीची कामे संपल्यावर. त्यामुळे या हिवाळ्यासाठी नवी शिवून मिळणे कठीण. पण दिवाळीच्या आवराआवरीत जुनी लुगडी, साड्या, धोतरे निघतात, ती भांडेवालीला देऊ नका; बाजूला बांधून ठेवा आणि चैत्रात शिवणारी गाठा. तिच्या मजुरीत घासाघीस करू नका, एका गोधडीत तिच्या कितीतरी दुपारी जातात. माळ्यावरच्या गोधड्या आणि रजया आत्ताच खाली काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी, दोरीवर न घडी करता टाका. ओलावा गेला की त्या फुगतात. दबलेली रजई असेल तर पिंजाऱ्याकडे याच आठवड्यात द्या. डिसेंबर लागला की त्याच्याकडे रांग लागते.