धुळीची शहानिशा

मुख्य खेळापूर्वी सात-आठ मिनिटे दाखवायची आणि विसरून जायची करमणूक, एवढ्याच हिशेबाने अमेरिकेत १९३० च्या दशकात जे कार्टूनपट निर्माण झाले, ते जतन करण्याजोगा ऐवज आहेत हे त्यांच्या मालकांना फार उशिरा उमगले. आणि तोवर कारखाने बंद पडून, हक्कांचे हस्तांतर होऊन, कित्येकांच्या मूळ निगेटिव्ह बेवारशी झाल्या होत्या. या मिळकतीचा सांभाळ ज्या थोड्या मंडळींनी आपखुशीने पत्करला, त्यांत मिशिगन राज्यातील ‘थंडरबीन अ‍ॅनिमेशन’ या छोट्या संस्थेची गणना अगत्याने करावी लागते. तिचे चालक स्टीव्ह स्टँचफील्ड स्वतः अ‍ॅनिमेशनकार आणि त्या विद्येचे अध्यापक. दुर्मिळ फिती मिळवून, त्यांचे पुनरुज्जीवन करून, त्या डीव्हीडी व ब्ल्यू-रे तबकड्यांवर घरोघर पोचवाव्यात हा संस्थेचा उद्योग.

तिने हाती घेतलेल्या कामांपैकी ‘फ्लिप द फ्रॉग’ ही मालिका पाहावी. मिकी माउसच्या घडणीत ज्याच्या कुंचल्याचा मोठा वाटा, तो अब आयवर्क्स १९३० साली डिस्नेपासून विभक्त झाला आणि १९३३ पर्यंत त्याने या बेडकाचे ३८ कार्टूनपट रचले. कालांतराने असे जुने कार्टूनपट घरगुती प्रक्षेपकांसाठी १६ आणि ८ मिलिमीटरच्या फितींवर विकले गेले, दूरचित्रवाणीकडे गेले. प्रत्येक नव्या मालकाने आरंभीची श्रेयनामावली कापून आपली पाटी डकवावी, हा त्या व्यापाराचा शिरस्ताच होता. परिणामी एका प्रतीत चित्र स्वच्छ तर ध्वनी खरखरीत, दुसरीत ध्वनी शाबूत तर मधला प्रवेश गहाळ, आणि मूळ नामावली तिसऱ्याच संग्राहकाच्या कपाटात, अशी स्थिती. भांडारकर संस्थेतील पंडितांनी पोथ्यांवर पोथ्या ताडून महाभारताचा पाठ निश्चित केला, अशा विखुरलेल्या प्रती जुळवून मूळ कार्टूनपट उभा करणे हे त्याच जातीचे काम आहे.

परंतु खरी कसोटी पुढेच लागते. सात मिनिटांच्या कार्टूनात सुमारे दहा हजार चौकटी असतात, आणि त्यांवरील धूळ दोन काळांची असते. सेल नावाच्या पारदर्शक पटलावरचे एक चित्र बहुधा दोन चौकटींपुरते टिपले जाई. म्हणून टिपतेवेळी सेलवर बसलेला कण चित्राबरोबर दोन चौकटी निश्चल राहतो आणि त्याच्याबरोबरच जातो, तर फितीवर मागाहून पडलेला डाग एकाच चौकटीत चमकून नाहीसा होतो. पहिला कण कारखान्याचा दस्तऐवज, दुसरा डाग काळाची आगळीक. संगणकाच्या स्वयंचलित सफाईला हा विवेक नसतो. वेगाने हलणाऱ्या हाताची बारीक शाईरेषाही ती कचरा समजून पुसते, आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या काही तबकड्यांवर अशा तुटक्या रेषा रसिकांनी पाहिलेल्या आहेत. म्हणून निवाडा मनुष्याच्या डोळ्यानेच करावा लागतो.

एवढ्या श्रमाला द्रव्यबळ म्हणाल, तर ते बव्हंशी आगाऊ नोंदणी करणाऱ्या ग्राहकांचेच. वर्षानुवर्षे वाट पाहावी लागल्याने ते कुरकुरतात, आणि ती कुरकुर रास्तही असते. पण काम संपत आले असता अधिक अस्सल प्रत हाती लागली, तर केलेले मोडून पुन्हा आरंभ करणे हाच या व्यवसायाचा प्रामाणिकपणा असल्यामुळे, ज्याला तबकडी वायद्याबरहुकूम हवी त्याने या वाटेला न जाणेच इष्ट.